‘तुमी द्यान ते’ म्हणण्यापूर्वी

गुढीपाडवा जवळ आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत सालगड्यांचे साल ठरवण्याच्या बैठकी सुरू होतात. पाडवा ते पाडवा मालकाच्या शेतात राबायचे, बैलांचे वैरणपाणी पाहायचे, रात्रीबेरात्री ओलिताला जायचे आणि त्याच्या बदल्यात एक ठोक रक्कम, ठरलेले धान्य, कपड्यांचा जोड आणि सुरुवातीला काही उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची, असा हा वर्षभराचा करार असतो. गावातली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी पगाराची बोलणी. तरीही ती बहुतेक वेळा एका वाक्यात आटोपते. ओसरीवर बसलेला मालक विचारतो, “बोल, यंदा किती?” आणि गडी मान खाली घालून म्हणतो, “तुमी द्यान ते, मालक.”

मी तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि रविवारी गावच्या वाचनालयात नोकरीच्या मुलाखतींना निघालेल्या मुलामुलींचा सराव घेते. ही मुले पदवीधर आहेत आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत, नागपुरात किंवा पुण्यात नोकरी शोधत आहेत. सरावात मी पगाराची अपेक्षा विचारली की बहुतेकांच्या तोंडून ठरलेले उत्तर येते : “ॲज पर कंपनी नॉर्म्स.” हे इंग्रजीतले ‘तुमी द्यान ते’च आहे. दोन्ही वाक्ये नम्रतेची म्हणून शिकवली जातात. प्रत्यक्षात बोलणाऱ्याने आपल्या कामाची किंमत ठरवण्याचा अधिकार समोरच्याच्या हाती देऊन टाकलेला असतो, आणि तोही समोरच्याने न मागता. पगार मागणे आणि चार लोकांसमोर उभे राहून गावाचे काम मागणे या दोन्ही गोष्टी एकाच कौशल्यावर उभ्या आहेत असे मला वाटते. आपली मागणी आकड्यात सांगता आली पाहिजे आणि त्या आकड्यामागचे कारण ऐकणाऱ्याला स्वतःच्या मापाने मोजता आले पाहिजे.

आमच्या माणसांना बोलता येत नाही, हे तर मी मुळीच मान्य करणार नाही. बैलबाजारात जोडी विकायला नेलेला शेतकरी दात, खांदा, चाल, वळण यांवरून अर्धा तास वाद घालतो, दलालाच्या रुमालाखाली बोटांनी सांगितलेला भाव दोनदा नाकारतो आणि जोडी परत घरी आणण्याची तयारी ठेवूनच तेथे उभा असतो. तोच माणूस स्वतःच्या मजुरीचा विषय निघाला की मुका होतो, कारण बैलाची किंमत मागणे हा व्यवहार आणि स्वतःची किंमत मागणे म्हणजे तोंड वेंगाडणे, अशी समजूत आपण लहानपणापासून उराशी धरली आहे. मागितल्याने संबंध बिघडतो ही भीती तिच्यामागे आहे. मला मात्र उलटे दिसते. न मागितलेल्या पैशाची सल वर्षभर मनात राहते, कामात ढिलाई येते, मालकही कुरकुरतो आणि पुढच्या पाडव्याला दोघेही एकमेकांना सोडून जातात.

मागणी नीट कशी मांडावी हे मला सर्वांत स्वच्छ दिसले ते कापूस वेचणाऱ्या बायकांच्या बोलण्यात. वेचणीचा दर किलोमागे ठरतो. पहिल्या वेच्याला झाडे बोंडांनी पांढरी झालेली असतात, एका हाताने ओटी भरत जाते आणि चांगली वेचणारी बाई दिवसाकाठी बराच कापूस जमा करते. हंगामाच्या शेवटी फरदडीचा कापूस उरतो तेव्हा एका झाडावर दोन-तीन बोंडे, तीही अर्धी किडकी, आणि त्यांच्यासाठी चालायचे अंतर मात्र तेवढेच. अशा वेळी टोळीतली जाणती बाई शेताच्या धुऱ्यावर उभी राहून मालकाला म्हणते, “भाऊ, दसऱ्याले ज्या दरानं वेचलं त्या दरानं आता नाई होत. तुमीच माह्यासंग एक तास वेचा, अन् पाहा किती भरते.” घरातली अडचण, मुलाची फी, महागाई यांतले काहीही ती सांगत नाही. एका तासात किती कापूस भरतो हे मालकाला काट्यावर पाहता येते, म्हणून दर वाढवून मिळतो. शिवाय ती एकटी बोलत नसते. आदल्या संध्याकाळी सगळ्याजणींनी आकडा ठरवलेला असतो आणि एकीने होकार भरला की बाकीच्या मागे राहणार नाहीत, पण एकीने नकार दिला की सगळ्या थांबतील, हे मालकालाही ठाऊक असते.

नोकरीच्या मुलाखतीत नेमके येथेच आमची मुले चुकतात. पगार का वाढवून हवा असे विचारले की ती घरची परिस्थिती सांगू लागतात : वडिलांची शेती कोरडवाहू, बहिणीचे लग्न, खोलीचे भाडे. ही सारी कारणे खरी असतात आणि ऐकणाऱ्याच्या मनाला ती लागतातही, परंतु मनुष्यबळ विभागातल्या माणसाला वरिष्ठांपुढे जो कागद ठेवायचा असतो त्यात बहिणीच्या लग्नाचा रकाना नसतो. तुम्ही टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत जीएसटीची विवरणपत्रे स्वतंत्रपणे भरू शकता, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, हंगामभर रोजच्या आवकीचा हिशेब एकट्याने सांभाळला आहे, यंत्र बंद पडल्यावर तंत्रज्ञ येईपर्यंतचे प्राथमिक काम तुम्हाला येते, अशा गोष्टींना मात्र त्या कागदावर जागा असते.

आकडा आधी कोणी उच्चारावा, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली एक साधा प्रयोग मांडला. एक चक्र फिरवले जाई आणि ते 10 किंवा 65 या आकड्यावर थांबेल अशी योजना केलेली असे. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघातील देशांपैकी आफ्रिकी देश किती टक्के असतील, याचा अंदाज विचारला जाई. चक्राचा त्या प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता, तरी 10 पाहिलेल्या गटाचा मधला अंदाज 25 टक्के आला आणि 65 पाहिलेल्या गटाचा 45 टक्के. पहिल्यांदा कानावर पडलेला आकडा पुढच्या सगळ्या विचाराला आपल्याकडे ओढून धरतो, एवढे त्यावरून दिसते. म्हणून त्या पदाच्या पगाराचा चालू दर ठाऊक असेल तर आकडा आपणच आधी सांगावा, आणि तो आपल्याला मान्य असलेल्या किमान रकमेच्या वर असावा. दर ठाऊक नसेल तर मात्र घाई करू नये, कारण अज्ञानातून सांगितलेला कमी आकडाही तितकाच घट्ट चिकटतो. गावातली मुले येथे शहरी मुलांच्या मागे पडतात. त्यांच्या ओळखीत त्या पदावर काम करणारे कोणी नसते. यावर उपाय एकच : त्याच कारखान्यात, त्याच कामावर असलेल्या गावच्या, तालुक्याच्या, जुन्या वर्गातल्या कोणाला तरी फोन करून विचारणे. दर विचारायला आपण लाजतो, आणि ही लाज महागात पडते.

सरावातला एक प्रसंग सांगते. दिग्रसकडची एक वाणिज्य पदवीधर मुलगी लेखा सहायकाच्या जागेसाठी मुलाखतीला जाणार होती आणि व्यवस्थापकाची भूमिका मी करत होते. मी म्हटले, “आमच्याकडे या जागेला वर्षाला तीन लाखांचे पॅकेज आहे.” तिने मनात बाराने भागले, चेहरा उजळला आणि ती म्हणाली, “म्हणजे महिन्याला पंचवीस हजार, चालेल मॅडम.” आम्ही तेथेच थांबलो आणि फळ्यावर हिशेब मांडला. कंपनीचा एकूण खर्च म्हणून सांगितलेल्या तीन लाखांत मूळ वेतन निम्मे, म्हणजे महिन्याला 12,500 रुपये धरले, तर भविष्य निर्वाह निधीत कंपनीने भरायचे 12 टक्के वर्षाला 18,000 होतात आणि ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेपोटी, मूळ वेतनाच्या साधारण 4.81 टक्के धरले की आणखी सात हजारांवर रक्कम जाते. हे दोन्ही त्या तीन लाखांतच मोजलेले असते. उरलेले बाराने भागले की महिन्याचे एकूण वेतन 22,900 च्या आसपास येते, त्यातून तिच्या वाट्याचे भविष्य निर्वाह निधीचे 1,500 वजा होतात आणि हातात साधारण 21,400 पडतात. व्यवसाय कर कापला जाणार नाही, कारण महाराष्ट्रात 2023 पासून महिन्याला 25,000 पर्यंत वेतन असलेल्या महिलांना तो माफ आहे. पॅकेजमध्ये विम्याचा हप्ता किंवा कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम मिसळलेली असेल तर हाती येणारा आकडा आणखी खाली जातो.

फळा पाहून ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “मग मी काय म्हणू, मॅडम?” आम्ही दोघींनी मिळून उत्तर बांधले, आणि मी ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले : “सर, या कामाचा मला एका व्यापाऱ्याकडे दोन हंगामांचा अनुभव आहे. रोजकीर्द, बँक जुळवणी आणि जीएसटीची विवरणपत्रे मी स्वतः करते, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून मला शिकवण्यात तुमच्या माणसाचा वेळ जाणार नाही. कपाती वजा जाता महिन्याला 24,000 हाती यावेत अशी माझी अपेक्षा आहे.” यानंतर थांबायचे. या थांबण्याचाच सराव सर्वांत अवघड गेला. आकडा सांगून झाला की दोन-तीन क्षणांची शांतता तिला सहन होत नसे आणि ती लगेच जोडून टाकायची, “पण कमी-जास्त चालेल.” समोरचा माणूस अजून विचारच करत असतो, त्याने नाही म्हटलेले नसते, आणि आपणच त्याच्या बाजूने घासाघीस करू लागतो. मराठी बोलण्यात आपल्याला शांतता अवघडल्यासारखी वाटते, पाहुण्यापुढे गप्प बसणे आपण असभ्य मानतो; येथे मात्र गप्प राहणे म्हणजे समोरच्याला विचार करायला दिलेला अवकाश असतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. हॅना राइली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाइ यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की पगार वाढवून मागणाऱ्या स्त्रीबरोबर काम करण्यास लोक पुरुषापेक्षा अधिक नाखूश होतात. त्यामुळे ‘मुली मागतच नाहीत’ असे म्हणून दोष मुलींवर ढकलणे अन्यायाचे आहे. मागितल्याची किंमत त्यांना जास्त मोजावी लागते, हे त्यांना न शिकताही कळलेले असते. म्हणून मी त्यांना मागू नका असे सांगत नाही. मागणी कामाशी आणि संस्थेच्या गरजेशी घट्ट बांधा, एवढे सांगते, जेणेकरून ऐकणाऱ्याला ती हट्ट म्हणून बाजूला सारता येणार नाही.

बोलण्यात कितीही गोडी असली तरी दुसरी वाट मोकळी नसेल तर शब्दांना वजन येत नाही. सालगड्याच्या बाबतीत ही वाट उचलीने बंद होते. आजारपण किंवा लग्नासाठी मागल्या वर्षीच उचल घेतलेली असेल आणि ती फिटलेली नसेल तर पाडव्याची बैठक केवळ औपचारिकता ठरते. याउलट शेजारच्या गावातल्या एखाद्या बागायतदाराचा शब्द खिशात असलेला गडी शांतपणे बोलतो, आवाज चढवत नाही, आणि बहुधा जुन्याच मालकाकडे चांगल्या बोलीवर राहतो. आणि बोली म्हणजे केवळ रक्कम नव्हे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आम्ही विसरलेलो नाही. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा पोशाख कोण देणार, भर उन्हात आणि उलट्या वाऱ्यात फवारणी करायची की नाही, आजारपणातल्या खाड्याचे पैसे कापायचे की नाही, हे साल ठरवतानाच बोलले गेले पाहिजे. पैशाच्या आकड्यावर मालक अडून बसला असेल तर या बाबी तो पुष्कळदा सहज मान्य करतो, आणि त्यांची किंमत पाच हजारांच्या वाढीहून मोठी असू शकते.

आता सभेतल्या बोलण्याकडे येते. विदर्भाला या बाबतीत गुरू शोधायला बाहेर जाण्याची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांना शाळेचे शिक्षण नव्हते, पण लोकांच्या मनाला हात घालण्याची त्यांची रीत अभ्यासावी अशी आहे. गावात आले की ते आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. स्वच्छतेविषयी ते जे सांगत ते लोकांनी दिवसभर डोळ्यांनी पाहिलेले असे, त्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवा असे सांगण्याची गरजच उरत नसे. कीर्तनात ते वऱ्हाडीत प्रश्न विचारत आणि उत्तर समुदायाकडून घेत. कर्ज काढून सण करावा का, नवसाला बकरे कापावे का, दारूत संसार बुडवावा का, मुलांना शाळेत घालावे की नाही, असे एकेक करीत श्रोत्याच्याच तोंडून निष्कर्ष वदवून घेत. दुसऱ्याने सांगितलेले मत माणूस तपासून पाहतो, नाकारतो. स्वतःच्या तोंडून निघालेले मत नाकारणे त्याला जड जाते. 1956 साली, निधनाच्या काही आठवडे आधी, मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. बोलायला शिकणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकायला लावते, आणि शब्दांइतकेच प्रश्नानंतरच्या विरामाकडे लक्ष द्यायला सांगते.

ग्रामसभेत ही रीत अजूनही काम करते. आमच्या शेजारच्या गावात पांदण रस्त्याचा, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटेचा, प्रश्न कित्येक वर्षे भिजत पडला होता. दर सभेत कोणीतरी उठून “शासनाने लक्ष द्यावे” असे तावातावाने म्हणायचा, टाळ्या पडायच्या आणि विषय संपायचा. एका सभेत बचत गटाच्या एका बाईंनी बोलायला सुरुवात केली. “मी काही शिकलेली नाही, दोन शब्द बोलते” अशी नेहमीची सुरुवात त्यांनी केली नाही. उभ्या राहिल्या आणि थेट विचारले, “सरपंच ताई, ग्रामसेवक साहेब, अन् समदे भाऊ, यंदाच्या पावसाळ्यात ज्यायची बैलबंडी पांदनीत फसली त्यायनं हात वर करा.” हात वर झाले, मागे उभ्या असलेल्यांचेही. “कापूस घरी आनाले डोक्यावर वाहावा लागला, त्याची मजुरी किती देली ते ज्यानं त्यानं आपल्या मनात मांडा.” त्या थांबल्या. लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलू लागले, कोणी बोटांवर मोजू लागले. मग त्यांनी मागणी सांगितली : पांदणीची मोजणी करून घ्यायची, दोन ठिकाणचे अतिक्रमण काढण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करायचा, आणि हे आजच्या ठरावात घ्यायचे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 प्रमाणे रस्त्यातला अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदारांना देता येतो, हे त्यांनी आधीच विचारून ठेवले होते. अतिक्रमण करणाऱ्यांपैकी एकजण सभेतच बसलेला होता. बाईंनी त्याचे नाव घेतले नाही, त्याच्याकडे पाहिलेही नाही. भाषणाचे हेच अंग मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ज्याला पटवायचे आहे त्याला चारचौघांत अपमानित केले की तो हरलेला दिसू नये म्हणून आयुष्यभर विरोध करीत राहतो.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर बहुमताने निर्णय घेण्याची पद्धतच दूर ठेवली. तेथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि एखाद्याचा विरोध असेल तर त्याचे ऐकून घेऊन विषय पुढच्या बैठकीत पुन्हा चर्चेला येतो. त्याआधी अभ्यास गटात माहिती गोळा करून चर्चा झालेली असते. 2009 साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हात वर करून मते मोजायची असली की वक्ता आपल्या बाजूच्या लोकांना चेतवण्यापुरतेच बोलतो. शेवटच्या विरोधकाचाही होकार हवा असला की वक्त्याला त्या विरोधकाची अडचण समजून घेऊन तिला उत्तर द्यावे लागते. व्यासपीठावरच्या वक्तृत्व स्पर्धांत आपण मुलांना पहिल्या प्रकारचे बोलणे शिकवतो, दुसऱ्याची तयारी कोणीच करून घेत नाही, याची मला खंत आहे.

सभेत बोलणाऱ्याने काही व्यवहार माहीत करून घ्यावेत. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेसाठी लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जे कमी असेल त्यावर ठरते, म्हणून आपल्या विषयाच्या दिवशी आपली माणसे वेळेवर आणणे हे भाषणाइतकेच महत्त्वाचे आहे. नियमित सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा होते. बायकांनी आपला विषय तेथे आधी मांडून घेतला तर मुख्य सभेत तो एकटीचा राहत नाही.

बोलणे पटले तरी काम तेथे संपत नाही. मुलाखतीत तोंडी ठरलेला आकडा, रुजू होण्याची तारीख आणि हाती येणारी रक्कम त्याच संध्याकाळी ईमेलने लिहून पाठवावी आणि नियुक्तीपत्र हाती येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. ग्रामसभेत ठराव मांडताना तो आपणच कागदावर लिहून न्यावा : काम कोणते, ते कोणी करायचे, कोणत्या निधीतून आणि कोणत्या तारखेपर्यंत. सूचक आणि अनुमोदक यांची नावे सभेतच नोंदवून घ्यावीत, आणि लोक उठण्यापूर्वी ग्रामसेवकांना इतिवृत्तातला तो ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. त्या बचत गटाच्या बाईंनी तसेच केले. वाचताना तहसीलदारांकडे अर्ज करण्याची मुदत गाळली गेल्याचे त्यांच्या लक्षात आले, त्यांनी ती तेथल्या तेथे लिहून घेतली आणि मगच सह्या झाल्या.